उसाची जोड ट्रॉली: ओढण्याआधी थांबवायचा विचार करा

दिवाळी सरली की सोलापूर जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ताब्यात जातात. मोहोळ, माढा, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठल्याही अंगाला जा, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या दिसतात. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, त्यामुळं मार्चपर्यंत हा ओघ थांबत नाही. दर हंगामाला नवी पोरं स्टेअरिंगवर बसतात. त्यांना गिअर कसा टाकायचा हे कोणीतरी शिकवतं, पण मागं वीस टन असताना ट्रॅक्टर कसा वागतो हे बहुतेकांना रस्त्यावरच कळतं. तिथं कळण्याची किंमत फार मोठी असते. मी बरीच वर्षं उसाच्या खेपा केल्या आहेत आणि आता घरच्या ट्रॅक्टरवर येणाऱ्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी जे सांगतो, तेच इथं लिहितो आहे.

आधी वजनाची मांडणी

पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा असतो. मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्यांचं वजन मिळून वीस टनांच्या घरात सहज जातं. म्हणजे ओढणाऱ्याच्या नऊ-दहापट ओझं मागं. इंजिनाला ते जड नाही, खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर याहून जास्तही हलवील. पण ‘माझा ट्रॅक्टर ओढतोय’ याचा अर्थ ‘माझा ट्रॅक्टर थांबवतोय’ असा होत नाही.

ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचं साधारण चौदाशे किलो वजन येतं, आणि कोरड्या डांबरावर टायरची पकड या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ब्रेक कितीही कडक दाबला, तरी ही दोन चाकं जास्तीत जास्त आठशे-साडेआठशे किलोचा रोध देतात. त्यापुढं चाकं जाम होऊन घसरायला लागतात.

आता पंचवीस फुटाला एक फूट असा उतार घ्या. दिसायला तो काहीच वाटत नाही, उड्डाणपुलाचा उतारही असाच असतो. त्या उतारावर वीस टनांच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला आठशे किलोच्या जोरानं पुढं ढकलतात. त्यातला थोडा जोर टायरच्या लोळण्यात जिरतो, आणि दोन चाकी ट्रॉली असेल तर दांडीवरचं वजन मागच्या चाकांवर येऊन पकड थोडी वाढते, हे खरं. तरी ढकलणारा आणि अडवणारा जवळजवळ बरोबरीचे झाले. रस्त्यावर चिखल, पाचट किंवा दहिवर असेल तर पकड कमी होते, ढकलणारं वजन मात्र तेवढंच राहतं. कागदावर ही मांडणी एकदा स्वतःच्या हातानं करा. आमच्याकडचा प्रत्येक नवा ड्रायव्हर ती करतो, मग चावी घेतो.

वेगाचंही तसंच. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. पंधराच्या वेगानं जे ओझं दहा पावलांत थांबेल, ते तिसाच्या वेगानं चाळीस पावलं खाईल. म्हणून भरलेल्या जोड ट्रॉलीला माझ्या लेखी पंधरा ते वीस हाच वेग.

काट्यावरची पावती नीट बघत जा. आपल्या ट्रॉलीत गच्च भरल्यावर किती टन बसतो हे दोन-चार खेपांत कळतं, आणि मग फडातच अंदाज घेता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, पण दंडाच्या भीतीनं हे करू नका. दोन टन कमी भरले तर एका हंगामात काही खेपा वाढतील. तो खर्च मला मान्य आहे.

हूक, पिन आणि साखळी

ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरला कुठं जोडता यावर ट्रॅक्टर उभा राहणार की पालथा पडणार हे ठरतं. ओढ नेहमी मागच्या ॲक्सलच्या मध्यापेक्षा खाली हवी, म्हणजे कंपनीनं दिलेल्या टोचन हुकावर किंवा ड्रॉबारवर. टॉप लिंकच्या (सीटमागच्या वरच्या जोडदांड्याच्या) जागी किंवा हायड्रॉलिकच्या हातांना काहीही बांधून ओढू नका. ओढ वर गेली की मागची चाकं जमिनीवर घट्ट राहतात आणि अख्खा ट्रॅक्टर त्यांच्याभोवती मागं फिरतो. क्लचवर पाय नेईपर्यंत बोनेट आभाळाकडं गेलेलं असतं.

पिन भोकाला बरोबर बसणारी, घडीव लोखंडाची घ्या. सळईचा तुकडा, नांगराचा बोल्ट, हाताला लागेल ते घालायची सवय फार वाईट. पिन वरून खाली सोडा आणि खालच्या टोकाला लॉक क्लिप लावाच. खड्ड्यात आदळल्यावर क्लिप नसलेली पिन उड्या मारत वर येते. रोज सकाळी बॅटरीच्या उजेडात तीन गोष्टी बघा: हुकाचं भोक लांबट झालंय का, पिनेला मध्ये खाच पडलीय का, आणि दांडी जिथं चासीला वेल्ड केली आहे तिथं केसासारखी चीर दिसते का. रंग फुगून गंजाची बारीक रेघ दिसली तर चीर आहे असं समजा आणि त्या दिवशी ट्रॉली जोडू नका.

पहिल्या ट्रॉलीच्या मागचा हूक सगळ्यात दुर्लक्षित असतो. दुसऱ्या ट्रॉलीची सगळी ओढ त्याच्यावर येते आणि बऱ्याच वेळा तो गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नंतर बसवलेला असतो. तो नुसत्या पत्र्याला नव्हे, चासीच्या मुख्य पट्टीला आधार देऊन बसवलेला हवा.

पिनेच्या जोडीला साखळी हवीच, ट्रॅक्टर ते पहिली ट्रॉली आणि पहिली ते दुसरी, दोन्ही ठिकाणी. दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून बांधल्या तर पिन तुटल्यावर दांडी जमिनीत घुसत नाही, साखळ्यांच्या झोळीत अडकते. लांबी वळणापुरती ठेवा, लोंबू देऊ नका. हजार-दोन हजारांची साखळी वाचवणाऱ्यांबद्दल मला खरंच राग येतो, कारण सुटलेली ट्रॉली मालकाच्या नव्हे, समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाते.

दोन ट्रॉल्यांत जास्त भरलेली पुढं, हलकी मागं. मागची जड असली तर ती पुढचीला ढकलते, आणि ट्रॅक्टरवाल्याला ते फार उशिरा जाणवतं.

ब्रेकची कडी

शेतात वळण घेताना एका बाजूचा ब्रेक लागतो म्हणून ट्रॅक्टरला दोन पेडल असतात. रस्त्यावर चढण्याआधी दोन्ही पेडल कडीनं एकत्र अडकवा. कडी सुटी राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक थांबतं, ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो आणि ट्रॉल्या सरळ येऊन त्याला कात्रीत पकडतात. कडी लावल्यावरही मोकळ्या रस्त्यावर दहाच्या वेगानं एकदा ब्रेक मारून बघा. दोन्ही चाकं सारखी धरतात का, की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो? ओढत असेल तर आधी ब्रेक जुळवून घ्या, मग फडात जा. नवी ट्रॉली घेणार असाल तर हायड्रॉलिक ब्रेकवाली बघा, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

टायरचं थोडक्यात. ट्रॉलीचे नऊशे-सोळाचे (९.००-१६ मापाचे) टायर टायरवर छापलेल्या हवेनुसारच भरा आणि हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. एका बाजूला जुना गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला नवा अशी जोडी लावू नका. चाकाचे नट रोज पान्यानं दाबून बघा, स्प्रिंगच्या पाट्यांचं एखादं पान तुटलंय का तेही वाकून बघा.

भरणी

तोडणीची टोळी मोळ्या चढवते, पण ट्रॉली कशी भरायची हे ड्रायव्हरनं उभं राहून सांगायचं असतं. मुकादमाशी वाद झाला तरी चालेल.

दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच आणि पुढून मागं अशी भरा. मागून भरायला लागलात तर दांडी वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर ट्रॅक्टरची मागची चाकंही उचलायला बघतात. तीच तर एकुलती ओढणारी आणि थांबवणारी चाकं. उलट सगळा भार पुढं कोंबला तर दांडी हुकावर बसते आणि ट्रॅक्टरचं तोंड वर येतं. ॲक्सलच्या पुढं मागच्यापेक्षा थोडं जास्त, एवढाच फरक हवा. चार चाकी, टर्नटेबलवाल्या ट्रॉलीत दांडीवर वजन येत नाही, तिथं दोन्ही ॲक्सलवर सारखं भरा.

जाड, जड मोळ्या तळाला. डावी-उजवी बाजू एकाच उंचीनं चढवा. ट्रॉली सरीच्या तिरप्या अंगावर उभी असेल तर डोळा फसतो, म्हणून जागा सपाट निवडा. बाजूला ऊस लोंबू देऊ नका. लोंबणारा ऊस ओलांडून जाणाऱ्याच्या तोंडावर बसतो, आणि मागचा लाल दिवा झाकतो. शेवटी सोल, म्हणजे जाड दोर, आडवे टाकून ताणा आणि पहिल्या दोन किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताणा, कारण धक्क्यांनी ऊस बसतो आणि सोल ढिले पडतात.

भरून झाल्यावर ट्रॅक्टर चार हात पुढं घेऊन स्टेअरिंग डावीउजवीकडं फिरवून बघा. हलकं लागतंय का? पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहायला हवा, नाहीतर चाकं वळतात आणि ट्रॅक्टर सरळ जातो. अशा वेळी पुढं कंपनीची लोखंडी वजनं लावा किंवा ट्रॉलीतला भार कमी करा. बोनेटवर किंवा बंपरवर पोरं बसवून तोंड दाबून धरायचा प्रकार मी पाहिला आहे. तो कोणत्याही कारणासाठी करू नका.

फडातून बाहेर

आपली काळी माती ओली असली की ट्रॉली चाकोरीत ॲक्सलपर्यंत बसते. एकेक ट्रॉली बाहेर काढा आणि जोडी कडक रस्त्यावर आल्यावर करा. चाक जागेवर फिरायला लागलं की रेस वाढवू नका. त्यानं खड्डा खोल होतो, आणि चाक अडकून पडलं तर इंजिन ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलतं. पिन काढा, ट्रॅक्टर कोरड्यावर घ्या आणि लांब साखळीनं ट्रॉली ओढा. दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन लावायचं तर साखळी दोन्हीकडं खाली, ड्रॉबारलाच. साखळीला आधी हळूच ताण द्या, झटका देऊ नका. साखळी तुटली तर टोक गोळीसारखं येतं, म्हणून तिच्या लांबीच्या दीडपट अंतरात माणूस उभा राहता कामा नये. टोळीतली लेकरं फडाच्या कडेलाच खेळत असतात. ट्रॅक्टर हलवण्याआधी खाली उतरून चाकांभोवती एक फेरी मारा, पाचटात झोपलेलं पोर सीटवरून दिसत नाही.

चढ आणि उतार

चढाला लागण्याआधीच गिअर खाली घ्या. मध्यावर गिअर बदलायला क्लच दाबला की त्या क्षणात ट्रॉल्या मागं ओढतात. चढावर इंजिन बंद पडलंच तर दोन्ही ब्रेक घट्ट धरा आणि सोबत्याला उटी, म्हणजे चाकाला अडवणारा ठोकळा, लावायला सांगा, आधी मागच्या ट्रॉलीला. उटी लावणाऱ्यानं बाहेरच्या बाजूनं यायचं, दोन ट्रॉल्यांच्या मध्ये कधीच शिरायचं नाही. लाकडाच्या दोन चांगल्या उट्या ट्रॅक्टरवर कायम असू द्या.

उताराचं मी स्वतः भोगलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, सीना नदीच्या पुलाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर, पहाटेची वेळ. रस्ता मोकळा बघून मी वरच्याच गिअरमध्ये उतरायला लागलो. निम्म्यात वेग वाढल्याचं कळलं आणि क्लच दाबून खालचा गिअर टाकायला गेलो. गिअर पडेना. क्लच दाबलेला, म्हणजे इंजिनाचा आधार गेलेला. ब्रेक मारला तर मागची चाकं जाम होऊन चीं-चीं करत घसरायला लागली, आणि आरशात मागची ट्रॉली हळूहळू बाजूला येताना दिसली. मी ब्रेक सोडला, स्टेअरिंग सरळ धरलं आणि डाव्या हाताच्या नांगरलेल्या रानात ट्रॅक्टर घातला. ढेकळांनी आम्हाला थांबवलं. पुलापर्यंत पोचलो असतो तर हे लिहायला मी नसतो.

त्या दिवसापासूनचा नियम असा. उतार सुरू व्हायच्या आधी, वर सपाटीवर, जवळजवळ थांबून खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये तोच उतार चढला असता त्याच्याही एक खाली. मग क्लचवरून पाय काढून खाली फळीवर ठेवा आणि उतार संपेपर्यंत तिथंच राहू द्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणं म्हणजे वीस टन मोकळे सोडणं. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. इंजिनाचा रोधही त्याच दोन मागच्या चाकांतून जमिनीला लागतो, त्यामुळं पकड गिअरनं वाढत नाही. खालच्या गिअरचा फायदा हा की वेग वाढायलाच मिळत नाही. चिखलाच्या उतारावर तेवढंही पुरत नाही, तिथं एकेक ट्रॉली उतरवा. एक तास जातो, जाऊ द्या.

ब्रेक लागलाच तर सरळ रस्त्यावर, थोडा दाबून सोडायचा, पुन्हा दाबायचा. वळणात ब्रेक नाही, वेग वळणाच्या आधी कमी करायचा. मागची ट्रॉली बाजूला येताना दिसली तर ब्रेक सोडा. हे मनाविरुद्ध जातं, म्हणून आधीपासून मनात घोकून ठेवा. चाक फिरायला लागलं तरच ते सरळ रेषेत येतं.

वळण आणि मागं घेणं

मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या मार्गानं जात नाही, वळणात आतून कापते. म्हणून चौकात ट्रॅक्टर रुंद घ्या आणि आतल्या अंगाच्या आरशावर डोळा ठेवा, तिथंच मोटारसायकल घुसलेली असते. कालव्यावरच्या अरुंद पुलांवर तर सोबत्यानं खाली उतरून रस्ता दाखवलाच पाहिजे. जोडी मागं घ्यायच्या फंदात पडू नका. एका ट्रॉलीला उलटं स्टेअरिंग लागतं, दुसरीला त्याच्याही उलट, आणि दोन हातांत कात्री बसते. पिन काढा, एकेक मागं घ्या.

रात्र

ऊस रात्रीही चालतो, आणि मोठे अपघात बहुधा मागून धडकून होतात. पुणे-सोलापूर महामार्गावर शंभरच्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर कापते. खाली केलेल्या दिव्याचा (लो बीमचा) उजेड पन्नास-साठ मीटर पडतो. म्हणजे उभी किंवा रेंगाळणारी ट्रॉली दिसल्यापासून त्या माणसाच्या हातात जेमतेम दोन-अडीच सेकंद असतात, त्यातला एक कळण्यातच जातो. त्याला आपण तीनशे मीटरवरून दिसलो पाहिजे.

रिफ्लेक्टरची पट्टी मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, आणि दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसलेली. चिखलाखालची पट्टी असून नसल्यासारखी. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर पट्ट्या लावून देतात, तेव्हा मागं राहू नका. ऊस मागं लोंबून पट्टी झाकतो म्हणून मी रिफ्लेक्टर लावलेली एक फळी दोरीनं शेवटच्या मोळ्यांवर बाहेरून टांगतो. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची वायर रोज जोडून बघायची.

टेप बंद ठेवा. पोरांना हे आवडत नाही, पण मागचा हॉर्न, सुटलेल्या साखळीचा खळखळाट, बेरिंगचं कुरकुरणं, सगळं कानानं कळतं.

कार्तिकीच्या सुमाराला पंढरपूरच्या रस्त्यांवर पहाटे अंधारात वारकरी चालत असतात. त्या दोन-तीन दिवसांत आम्ही त्या रस्त्यानं रात्रीची खेप करत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात शिरतानाही तसंच, गर्दी ओसरेपर्यंत बाहेर थांबा.

बंद पडला तर

डांबर सोडून पूर्ण खाली उतरवा, अर्धी ट्रॉली रस्त्यावर ठेवू नका. उट्या लावा. मागं पन्नास आणि शंभर पावलांवर चमकणारं काहीतरी ठेवा आणि एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. रस्त्याच्या कडेला, रहदारीच्या बाजूनं ट्रॉलीखाली शिरून काम करायचं नाही. टायर बदलून झाल्यावर लावलेले दगड उचलून बांधावर टाका. आपण निघून जातो, दगड रस्त्यात राहतात, आणि रात्री कोणाची तरी मोटारसायकल त्यावर चढते. आमच्या वस्तीवरचा एक तरणा मुलगा असाच गेला. ते दगड कोणाच्या ट्रॉलीचे होते हे कधीच कळलं नाही.

कागद आणि कारखान्याचा यार्ड

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते आणि विम्यातही ट्रॉली वेगळी दाखवावी लागते. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींची. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं अपघातानंतर कोर्टात जमीन विकायच्या गोष्टी बोलताना मी पाहिली आहेत. पॉलिसी हातात घेऊन ट्रॉलीचा नंबर त्यात छापलाय का हे स्वतः वाचा.

यार्डात नंबर लागेपर्यंत कधी दहा-बारा तास जातात. त्या वेळात झोपा, पण ट्रॉलीखाली सावली बघून नाही. पुढची रांग हलली की कोणीतरी तुमचा ट्रॅक्टर पुढं घेतो. जाग आल्यावर हबला हात लावून बघा. चारांपैकी एक जास्त तापला असेल तर तिथलं बेरिंग जातंय, रिकाम्या ट्रॉलीनं गावी जाऊन ते आधी उघडा. आणि गव्हाणीवर ऊस उतरल्यावर परत निघताना वेग वाढवायचा मोह होतो, तेव्हा हे ध्यानात घ्या: रिकाम्या ट्रॉल्या खड्ड्यात उसळतात आणि क्लिप नसलेली पिन त्याच परतीच्या वाटेवर निघते. निघण्याआधी खाली उतरून दोन्ही पिना हातानं चाचपा.